सासऱ्याचा फोटो, जावयाचा शोधनिबंध

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गोंदियातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. शिकवतात असं म्हणायची पद्धत आहे. आमगावहून सकाळच्या गाडीने येतात, मस्टरवर सही करतात, स्टाफरूममध्ये पेपर उलगडतात आणि मुलं आलीच तर वर्गात जातात. उरलेल्या वेळात ते विद्वान असतात. या विद्वत्तेला दरवर्षी एक शोधनिबंध लागतो, कारण त्याशिवाय बढती हलत नाही. त्या वर्षी त्यांच्याच कॉलेजात राष्ट्रीय चर्चासत्र होतं आणि विषय होता सक्तीचं विस्थापन.

मी गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्याला राहते, शाळेत मराठी शिकवते. माझं शुद्धलेखन बरं आहे आणि कॉम्प्युटरवर तक्ते-चित्रं बसवता येतात. या दोन गुणांमुळे दर हिवाळ्यात भाऊजींना माझी आठवण होते. त्या रविवारी ते ताईला घेऊन कारने आले. ताईच्या हातात वालाच्या शेंगांची पिशवी, त्यांच्या हातात लॅपटॉप. बाबा तेव्हा माझ्याकडेच होते. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तपासणीसाठी डॉक्टरांनी त्यांना गोंदियातच राहायला सांगितलं होतं.

"मॅडम, काम आणलंय," भाऊजी बूट न काढताच आत येत म्हणाले. "इंटरनॅशनल काम आहे."

काम असं होतं. इंटरनेटवर कुठलीतरी एक जागा त्यांना सापडली होती. तिथे डावीकडे एक देश निवडायचा, उजवीकडे दुसरा, खाली विषय निवडायचा, इथे विस्थापितांचा आकडा. बटण दाबलं की दोन खांब उभे राहतात. एक उंच, एक बुटका. डाव्या बाजूला नुसता देशच नाही तर देशांचा अख्खा गटही घेता येतो. भाऊजींनी गट घेतला होता गरीब आणि कर्जात बुडालेल्या देशांचा. त्यांतले बहुतेक आफ्रिकेतले. ते नकाशावर कुठे आहेत हे भाऊजींना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही वाटली नव्हती. काही नावं तर ते दर वेळी वेगळ्या उच्चारात वाचत होते. पण खांब उंच होता, आणि त्यांना तेवढं पुरे होतं.

उजवीकडे कोणता देश घ्यावा यावर मात्र त्यांनी पुष्कळ कष्ट घेतले होते. आधी युरोपातला एक श्रीमंत देश घेऊन पाहिला. "त्यात काय मजा? त्यांचं चांगलंच असणार." मग शेजारचा एक देश घेतला. त्याचा खांब फार उंच झाला आणि डावीकडचा गटच त्यापुढे बुटका दिसायला लागला. शेवटी आपला देश घेतला. लोकसंख्येच्या मानाने बघितलं तर आपला खांब जमिनीला चिकटलेला दिसला, आणि भाऊजींचा निष्कर्ष तयार झाला. कपड्याच्या दुकानात गिऱ्हाईक एकेक शर्ट अंगाला लावून आरशात बघतं, तसं या माणसाने एकेक देश लावून बघितला होता. त्याला ते संशोधन म्हणत होते.

"मोठ्या खांबाला लाल रंग दे," ते म्हणाले. "आपल्याला हिरवा."

मी दिला. ताई सोफ्यावर शेंगा सोलत बसली होती आणि तिच्यासाठी मी भाऊजींचं हे काम दरवर्षी करत होते. रंग भरता भरता मी विचारलं, "भाऊजी, या हिरव्यात बाबा कुठे आहेत?"

"बाबा?"

"आमचं गाव धरणात गेलं. बाबा, माय, आम्ही भावंडं, सगळं गाव. ते या खांबात आहे का?"

भाऊजी हसले. अडाणी प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघून हसतात तसं. "अगं, ते विस्थापित नव्हेत, प्रकल्पग्रस्त. व्याख्याच वेगळी आहे. विस्थापित म्हणजे युद्ध, दंगल, छळ यांच्या भीतीने पळालेला माणूस. तुमच्यामागे कुणी बंदूक घेऊन लागलं होतं का?"

"नाही. पाणी लागलं होतं."

"तेच तर. पाणी मोजत नाहीत." आणि त्यांनी ताईला चहा सांगितला. माझ्या घरात, माझ्या बहिणीला. आतल्या खोलीत पडलेल्या बाबांना हे सगळं ऐकू जात होतं.

आमचं गाव बुडालं तेव्हा मी तिसरीत होते आणि ताई सातवीत. ते धरण इटियाडोहाएवढं मोठं नाही. तिथे शाळांच्या सहली जात नाहीत, पावसाळ्यात सांडवा बघायला कुणी गाड्या काढत नाही, म्हणून त्याचं नाव सांगूनही कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. बाबांनी घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, स्वतः उतरवली आणि बैलबंडीत गवताचे थर देऊन रचली. सागाचे खांब उपटले. गावातली घरं अशी वरून खाली उघडी होत गेली, आणि ज्यांच्या माजघरात आम्ही कधी पाऊल ठेवलं नव्हतं त्यांच्या चुली रस्त्यावरून दिसायला लागल्या. गाव तीन ठिकाणी वाटलं गेलं. माझ्याच बाकावर बसणारी मैत्रीण दुसऱ्या पुनर्वसनात गेली. ती मला पुन्हा दिसली ती थेट बाजारात, कडेवर मूल घेऊन. ज्या घराशी बाबांचं धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाडवैर होतं, ते मात्र सरकारने बरोबर आमच्या शेजारी आणून बसवलं. धुरा पाण्यात गेला, भांडण मात्र सोबत आलं.

नवीन जमीन मुरमाड होती. जुन्या गावात आमची बोडी होती, लहानसं तळंच, तिच्या पाण्यावर धान व्हायचा. नवीन जागी बाबांनी पहिल्या वर्षी धानाच्या रोपांचा रोवणा केला तो वाळून गेला, दुसऱ्या वर्षी तूर पेरली. धरणाचं पाणी आमच्याकडे आलंच नाही. कालवा दुसऱ्या अंगाने गेला, आणि ज्या गावांना तो लागला त्यात भाऊजींचं गाव होतं. पावसाळी धान होताच, वर उन्हाळी धानही व्हायला लागला. घर सिमेंटचं झालं. मुलगा एमए झाला.

ताईला बघायला ती मंडळी आली तेव्हा भाऊजींचे वडील बैठकीत म्हणाले होते, "आमच्याकडे पान्याची काही कमी नाही, पोरगी सुखात राहील."

बाबा म्हणाले, "माहीत आहे जी. आमचंच आहे."

पाहुण्यांना वाटलं विनोद केला. मोठ्याने हसले आणि सुपारी फुटली.

तर त्या खांबाचं काम संपवून भाऊजींना फोटो हवे होते. नुसते खांब दाखवले तर पाहुणे झोपतात, असा त्यांचा अनुभव होता. आपला देश लोकांना हाकलत नाही, उलट बाहेरच्यांना आसरा देतो, हे चित्रात दिसायला हवं होतं. अर्जुनी-मोरगावच्या बाजूला फार पूर्वी पूर्व बंगालातून आलेल्या लोकांच्या वस्त्या आहेत. इतक्या वर्षांनी तिथे पक्की घरं आहेत, शेती आहे, दुकानं आहेत, पण जिल्ह्यातले लोक आजही त्यांना कॅम्पच म्हणतात. तिथे जाऊन एखाद्या म्हाताऱ्या निर्वासिताचा फोटो काढायचा असं ठरलं. पुढच्या रविवारी भाऊजी, ताई, मी आणि बाबा निघालो. बाबांना घरी एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून घेतलं. काळा चष्मा लावून ते पुढच्या सीटवर बसले.

"येवढ्या लांब कायले जाऊन राहिलो जी जवाईबापू?" गोरेगाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं.

"निर्वासित पाहायला, बाबा."

"थे पाहाले गाडी कायले लागते?" बाबा म्हणाले. भाऊजींनी रेडिओ लावला.

वाटेत भाऊजींनी आम्हाला आपल्या पूर्वजांचा इतिहास सांगितला. तो ते दरवेळी सांगतात. त्यांचं आणि आमचं, दोन्ही घरं मूळची माळव्यातली. पूर्वज कधीतरी तिकडून निघाले, रानं तोडली, तलाव बांधले, धान पिकवला. समाजाच्या मेळाव्यात भाऊजी हे भाषण फार रंगवून करतात. त्यात पूर्वज नेहमी घोड्यावर असतात. ते माळवा सोडून का निघाले, कुणी हाकलले की पोट घेऊन आले, हे भाषणात येत नाही. आपले लोक आले की ते आगमन. दुसरे आले की विस्थापन. आणि बायकोच्या माहेरचे गेले की तो विकास. मी मागे बसून खिडकीबाहेर बघत होते. ताईने एकदा माझा हात दाबला, म्हणजे गप्प बस.

त्या वस्तीत एका हॉटेलासमोर आम्ही थांबलो. बाहेर बाकडं, वर बंगाली आणि मराठी दोन्ही लिपींतली पाटी. हॉटेलवाले बाबांच्याच वयाचे, अंगात स्वेटर, लुंगी. आम्ही चहा घेतला. भाऊजींनी मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाले, "काका, एक फोटो. रिसर्चके लिए."

म्हाताऱ्याने पंजा आडवा धरला. "फोटो नाही. जो येतो तो फोटो काढतो. आम्ही काय जनावर आहो?"

"अरे काका, तुमचाच फायदा आहे."

"कोणता?"

 भाऊजी रस्त्यावर जाऊन दुसरा म्हातारा शोधायला लागले. इकडे बाबांनी बाकड्यावर सरकून जागा केली आणि हॉटेलवाल्याला बसायला सांगितलं.

"तुमाले जमीन कशी भेटली जी?" बाबांनी विचारलं.

"जंगल होतं. तोडलं आम्ही. वडील होते तेव्हा."

"धान होते?"

"होते."

"पानी?"

"आहे. बोडी आहे, बोअर आहे."

बाबांनी मान हलवली. "मंग तुमाले बरी भेटली. आमाले मुरूम देल्ला."

"तुम्ही कुठचे?"

"इथलेच. धरनात गेलो."

"अच्छा," हॉटेलवाले म्हणाले. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी आत जाऊन कागदावर कुरमुरे आणले, वर कांदा आणि मोहरीचं तेल. मग दोघांचं माशांवर बोलणं निघालं. बाबा आमच्या धरणातले मासे आवडीने खातात. त्या पाण्यातला घास कसा गिळता म्हणून माय बिचारी मरेपर्यंत त्यांच्याशी भांडली. बाबांचं उत्तर एकच असे: आपल्याच बांधीत वाढला, आपलाच आहे. हॉटेलवाल्यांना ते फार पटलं. पण मासा कसा रांधायचा यावर दोघांचं जमेना. बाबा म्हणत होते मसाला भाजून घालायचा, ते म्हणत होते मसाल्याने माशाची चव मरते. दोन म्हातारे आवाज चढवून भांडत होते आणि ताई कितीतरी दिवसांनी तोंडाला पदर लावून हसत होती.

कांद्यामुळे की काय, बाबांच्या ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ते तसंही येतच असे. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने डोळा टिपला. तेवढ्यात भाऊजी परत आले, थांबले आणि त्यांनी मोबाइल वर धरला. बाबांना फोटोची आवड आहे. ते ताठ बसले.

परतताना भाऊजींनी गाडी इटियाडोहाकडे वळवली. विकासाच्या चित्रासाठी त्यांना पाणी हवं होतं. पाण्याकडे पाठ करून त्यांनी स्वतःचेच पाच-सहा फोटो काढले. बाबा भिंतीवर हात ठेवून उभे होते.

"भल्ला मोठं आहे," ते म्हणाले. "याच्या खाली किती गावं असतीन जी?"

"बाबा, याच्यावर किती धान होतो ते बघा," भाऊजी म्हणाले.

"थे तं दिसूनच राहिलं," बाबा म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

चर्चासत्राच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचं धोतर आणि पांढरी टोपी घातली. जावयाचा सत्कार आहे असं ताईने त्यांना फोनवर सांगितलं होतं. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो, एका बाजूला ताई, एका बाजूला मी, मध्ये बाबा. व्यासपीठावर मोठ्या शहरातून आलेले प्रमुख पाहुणे होते. त्यांना शाल, नारळ, स्मृतिचिन्ह देण्यात सकाळ गेली. विस्थापनाचा नंबर जेवणाच्या थोडा आधी लागला.

भाऊजींनी खांब दाखवले. लाल खांबाजवळ लेझरचा ठिपका नाचवत ते म्हणाले, "ही त्या देशांची अवस्था. कर्ज काढायचं, भांडायचं, पळायचं." सभागृहात हसू पसरलं. ज्या माणसाने आयुष्यात आमगाव ते गोंदिया एवढंच स्थलांतर केलं, तेही पास काढून, तो घर जळताना पोरं उचलून धावणाऱ्या लोकांवर हशा मिळवत होता. आणि हसणारे कोण? दुपारच्या जेवणात गुलाबजाम आहेत की जिलेबी, याची चौकशी करून आलेले.

मग हिरवा खांब आला. टाळ्या. मग पुढची स्लाइड आली आणि तिच्यावर बाबा होते.

ती स्लाइड मी केलेली नव्हती. भाऊजींनी नंतर घातली होती. बंगाली अक्षरांच्या पाटीखाली, बाकड्यावर, ताठ बसलेले, डाव्या गालावर पाण्याची ओळ. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: सीमेपलीकडून आलेला वृद्ध निर्वासित, भारताने दिलेल्या आसऱ्याच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले आहेत.

"अरे, मी!" बाबा मोठ्याने म्हणाले. "पाह्य व बाई, केवढा मोठा आला माहा फोटू!"

पुढच्या रांगेतली डोकी वळली. ताई माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. बाबांच्या पुढे बसलेल्या एका प्राध्यापकांनी पडद्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि फार अदबीने विचारलं, "आप बांग्लादेशसे हैं?"

"नाई जी, मी कुडव्याहून आलो. पोरीकडून."

भाऊजींना आवाज ऐकू गेला असणार. त्यांनी स्लाइड बदलली आणि पडद्यावर एकदम इटियाडोहाच्या पाण्यापुढे ते स्वतः उभे राहिले. फोटोतल्या माणसाला न ओळखल्याची ही चूक नव्हती. त्यांना हवा होता तो चेहरा बंगाली म्हाताऱ्याने दिला नाही, म्हणून त्यांनी घरातला उचलला. कोण ओळखणार, असा साधा हिशेब होता. सासऱ्याला विस्थापित म्हणायला ज्यांची व्याख्या आडवी येत होती, त्यांना त्याच सासऱ्याला परदेशी करताना काहीच आडवं आलं नाही.

प्रश्नांची वेळ झाली तेव्हा मी उभी राहिले. माझा आवाज शाळेतला असल्यामुळे मागपर्यंत गेला. "सर, फोटोतले गृहस्थ कुठून आले आहेत?"

"ते प्रातिनिधिक चित्र आहे," भाऊजी म्हणाले.

"ते इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. ते याच जिल्ह्यातले आहेत. त्यांचं गाव धरणात गेलं. डोळ्यात पाणी आहे ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. आणि ते तुमचे सासरे आहेत."

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. निदान कुणाची तरी मान खाली जाईल. झालं ते असं. प्रमुख पाहुण्यांनी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "वा! फारच हृद्य! संशोधकाच्या घरातच विषय आहे. याला म्हणतात आस्था." आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. सभागृहाने साथ दिली. मग कुणीतरी म्हणालं, आजोबांना वर बोलवा. दोन स्वयंसेवक आले आणि बाबांना हाताला धरून व्यासपीठावर घेऊन गेले. उरलेली एक शाल त्यांच्या खांद्यावर पडली. दोन शब्द बोला म्हणून माइक समोर आला.

बाबांनी खांद्यावरची शाल सावरली.

"मी काही दुसऱ्या देशातून नाई आलो," ते म्हणाले. "माहं गाव इथून जवळच आहे. पान्याखाली आहे. थेच पानी जवाईबापूच्या वावरात जाते. दोन पिकं होतात."

सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याने जावयाचं कौतुक केलं. भाऊजी स्वतः टाळ्या वाजवत होते. मी इतकी वर्षं मुलांना वाचलेल्या ओळीचा अर्थ कळावा म्हणून घसा कोरडा करते, आणि इथे एक अख्खं सभागृह भरून पदव्या होत्या ज्यांना सरळ मराठीतली चार वाक्यं कळली नव्हती. तुच्छता या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला. राग नव्हता. रागाला समोर कुणीतरी असावं लागतं.

जेवणाच्या मांडवात भाऊजी ताट घेऊन माझ्याजवळ आले. "मॅडम, घरातली गोष्ट चारचौघांत आणायची नसते."

"घरातला माणूस तुम्ही आणला, भाऊजी."

"चांगलं झालं ना शेवटी? त्यांना शाल मिळाली." आणि ते पाहुण्यांना वाढायला गेले. त्यांच्या डोळ्यांत लाज होती का, हे मी खरंच शोधलं. नव्हती. होता तो फक्त चर्चासत्र निभावल्याचा घाम.

बाबांनी दोन गुलाबजाम खाल्ले. घरी आल्यावर मी त्यांना फोटोखाली काय लिहिलं होतं ते सांगितलं. त्यांनी शाल घडी करून उशाशी ठेवली होती. 

"म्हंजे त्यानं मले वरखलं नाई?"

"ओळखलं, बाबा. ओळखूनच लिहिलं."

"हं," बाबा म्हणाले. "सिकला-पढला मानूस आहे." नांगराला न चालणाऱ्या बैलाबद्दल ते ज्या सुरात बोलत तोच सूर होता.  डोळा बरा झाल्यावर ते पुनर्वसनात माझ्या धाकट्या भावाकडे परत गेले.

ताईने काही आठवडे मला फोन केला नाही. मग केला तेव्हा धाकट्या मुलाच्या सर्दीबद्दल बोलली. भाऊजींचा निबंध एका जाड पुस्तकात छापून आला, फोटोसकट. फक्त फोटोखालचं वाक्य काढलं होतं. बढतीही झाली असावी, कारण कार बदलली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाबांकडे गेले होते. आंब्याचे दिवस होते. एका सकाळी ती नवी कार अंगणात आली. ताई आणि भाऊजी. भाऊजी पहिल्यांदाच बोलावल्याशिवाय सासऱ्याच्या घरी आले होते. घराकडे, शेजाऱ्यांच्या घरांकडे, सरळ आखलेल्या रस्त्याकडे बघून म्हणाले, "छान वसवलंय." मग बाजेवर बसले, पाणी प्याले आणि मुद्द्यावर आले. त्यांचा मोठा मुलगा सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होता. प्रकल्पग्रस्तांना त्यात वेगळ्या जागा असतात. बाबांचा दाखला नातवाच्या नावावर करता येतो का, हे विचारायला ते आले होते.

मी ओसरीत आंबे पुसत होते.  ताई जमिनीकडे बघत होती.

"आमी तं मोजन्यात नाई म्हनत होते नं जी तुमी?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाबा, संशोधन वेगळं, व्यवहार वेगळा," भाऊजी म्हणाले. एकदाही न अडखळता.

"असं आहे होय." बाबांनी मान डोलावली. "थो दाखला धाकट्याच्या नावावर केला मी. लय आधी. त्याले काई लागली नाई नोकरी. आता वय गेलं."

धाकटा भाऊ समोरच त्याच्या किराणा दुकानात होता. त्याला बोलावून खात्री करून घेतली. दाखला आता पुन्हा बदलून मिळत नाही हे त्याने सांगितलं. भाऊजींनी मोठा उसासा टाकला. "सिस्टिमच अशी आहे," ते म्हणाले. "ज्याचं गेलं त्याला न्याय नाही." हे वाक्य ते बाबांच्या अंगणात, बाबांसमोर, बाबांना ऐकवत होते. मी पुसलेला आंबा टोपलीत ठेवला आणि आत गेले, कारण तिथे बसले असते तर हसले असते.

जेवून ते निघाले तेव्हा ताई उठली नाही. "मी राहते थोडे दिवस," ती म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. भाऊजी जरा थांबले, किल्ली फिरवली आणि गेले. रात्री ताई माझ्या बाजूला अंथरुणावर पडली आणि म्हणाली, "मी सातवीत होते गं. मला सगळं आठवतं, तुझ्यापेक्षा जास्त. लग्न झाल्यापासून त्या घरात एकदाही कुणी विचारलं नाही." मी विचारलं नव्हतं तरी मग ती सांगत गेली: कुठल्या घरापुढे कोणतं झाड होतं, शाळेच्या वाटेवर कुठे काटे होते, कोण निघताना रडलं आणि कोण चिडलं. मध्येच भाऊजींचा फोन आला. लोणच्याची बरणी कुठे आहे? तिने सांगितलं. दुसऱ्या रात्री चादरींसाठी आला, तिसऱ्या रात्री कशासाठी ते तिने बघितलं नाही, फोन उलटा ठेवला. आठवड्याने ती परत गेली. जाणारच होती. तिचं घर तिथे आहे, मुलं आहेत, आणि बाई गेली तर तिला कुठल्या खांबात घालायचं याची व्याख्या अजून कुणी केलेली नाही.

यंदा हिवाळ्यात भाऊजींचा फोन आला. नवं चर्चासत्र, विषय हवामान. "मॅडम, तुमच्यासाठी काम आहे."

"मला जमणार नाही."

"वेळ नाही का?"

"वेळ आहे."

 त्यांना वाईट वाटलं नसावं, फक्त कारण कळलं नसावं. "बरं," ते म्हणाले, "मग दुसऱ्या कुणाकडून करून घेतो." त्यांना कुणीतरी मिळालं असणार.